सरकी, रुई आणि परिच्छेद दहा

एकतीस मार्चला अकोट किंवा दर्यापूरच्या जिनिंगमधला हंगाम पुरता आटोपलेला नसतो. आवारात न रेचलेल्या कापसाची गंजी, शेडमध्ये १७० किलोच्या गाठी आणि मागच्या बाजूला सरकीचा ढीग, असा तीन रूपांतला माल एकाच वेळी पडलेला असतो. वर्षाचे हिशेब बंद करायचे म्हणजे या तिन्हींना किंमत लावायची. अकाउंटंट टॅलीत क्लोजिंग स्टॉकसमोर आकडा भरतो, नफा ठरतो, त्यावर कर ठरतो, आणि बँक पुढच्या हंगामाची कॅश क्रेडिट मर्यादाही त्यावरच बेतते. त्या एका आकड्यामागे नियमांची साखळी असते. ही साखळी कोण लिहितो, ती कुठे ठेवलेली असते आणि संगणकाला अर्थासकट वाचता येईल अशा रूपात ती का हवी, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

आधी नियमच पाहू. भारतात मालसाठ्याच्या मूल्यांकनासाठी लेखामानक २ आहे, आणि मोठ्या कंपन्यांसाठी इंड एएस २. दोन्हींचा गाभा एकच: साठा खरेदी-उत्पादनखर्चाने किंवा निव्वळ वसूल होऊ शकणाऱ्या किमतीने, यांतली जी कमी असेल तिने दाखवायचा. लेखामानक २ मध्ये हे परिच्छेद ५ मध्ये सांगितले आहे. इथवर वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या मुनिमाला नवीन असे काही नाही.

गुंतागुंत परिच्छेद १० मध्ये आहे. एकाच प्रक्रियेतून एकाहून अधिक माल निघत असतील तर काय करायचे, हे तो सांगतो. जिनिंग हे त्याचे अगदी ठळक उदाहरण. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, किलो-दोन किलो घट जाते, आणि बाकी सगळी सरकी. आता सरकीला काय म्हणायचे? ती रुईबरोबरचे संयुक्त उत्पादन मानली, तर खर्च दोघांत कोणत्या तरी सुसंगत पायावर, उदाहरणार्थ विक्रीमूल्याच्या प्रमाणात, वाटायचा. उपउत्पादन मानली, तर तिची वसूल होणारी किंमत रुईच्या खर्चातून सरळ वजा करायची. परिच्छेद म्हणतो की बहुतेक उपउत्पादने स्वभावतःच नगण्य असतात, आणि तसे असेल तेव्हा ही वजाबाकीची रीत वापरली जाते.

हिशेब समजण्यापुरते सोपे आकडे घेऊ. क्विंटलभर कापसाचा रेचाईसह खर्च ७,५०० रुपये. त्यातून ३४ किलो रुई, १६० रुपये किलोने ५,४४० रुपयांची. ६४ किलो सरकी, ३५ रुपयांनी २,२४० रुपयांची. वजाबाकीच्या रीतीने रुईचा खर्च ५,२६० रुपये, म्हणजे किलोला सुमारे १५४ रुपये ७१ पैसे. विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटला तर ५,३१२ रुपये ५० पैसे, म्हणजे किलोला १५६ रुपये २५ पैसे. किलोमागे दीड रुपयाचा फरक. मात्र सरकी तेलगिरणीला जाऊन संपली आणि ५,००० गाठी शेडमध्ये उरल्या, तर ताळेबंदातला साठा या दोन रीतींत सुमारे १३ लाखांनी वेगळा निघतो. या उदाहरणात सरकीचा एकूण विक्रीतला वाटा २९ टक्क्यांच्या वर आहे. एवढ्या वाट्याला नगण्य म्हणणे अवघड आहे. सरकी, तिचे तेल आणि ढेप यांच्यावर अकोल्याच्या बाजारात किती उलाढाल चालते हे ज्याने पाहिले आहे, तो तर मुळीच म्हणणार नाही.

सारा निर्णय ‘तसे असेल तेव्हा’ या तीन शब्दांवर टेकलेला आहे. ही अट मागच्या वाक्यातल्या नगण्यपणाला बांधलेली आहे. जाणता सीए ती एका दमात वाचतो. संगणकाला राजपत्राच्या पीडीएफमध्ये केवळ अक्षरे दिसतात. अट कुठली, रीत कुठली, अट कोणत्या वाक्याला धरून आहे, अट लागू नसेल तर कुठे जायचे, यांपैकी काहीही त्या फाइलमध्ये लिहिलेले नसते.

लेखामानके अर्थासकट यंत्रवाच्य रूपात प्रसिद्ध करणे म्हणजे नेमके हेच लिहून ठेवणे. प्रत्येक परिच्छेदाला कायमची ओळख द्यायची. त्यात आलेल्या संकल्पना त्यांच्या व्याख्यांना जोडायच्या. अट, अपवाद, करायची कृती आणि उघड करायची माहिती हे भाग वेगळे दाखवायचे. कोणती तरतूद कोणत्या तारखेपासून लागू, कोणत्या दुरुस्तीने बदलली, कोणत्या कंपनीला लागू नाही, तेही त्याच धाग्यात ओवायचे. तंत्र म्हणून हे आवाक्याबाहेरचे नाही. कायद्याच्या मजकुराची अशी बांधणी करण्यासाठी ‘आकोमा न्तोसो’ नावाचा आराखडा आहे, आणि ‘ओएसिस’ या संस्थेने २०१८ मध्ये त्याला मानक म्हणून मान्यताही दिली. अडचण आहे ती हे काम कोणी आपले मानण्याची.

आकड्यांच्या बाजूने ही वाट पंचवीसेक वर्षांपूर्वीच सुरू झाली. अमेरिकेतल्या टॅकोमा शहरातला चार्ल्स हॉफमन हा हिशेबनीस. १९९८ मध्ये त्याने तिथल्या लेखापालांच्या संस्थेपुढे कल्पना मांडली की आर्थिक पत्रकातला प्रत्येक आकडा आपण काय आहोत हे स्वतःबरोबर घेऊन फिरला पाहिजे. त्यातून एक्सबीआरएल उभे राहिले. ४५,००,००० हा आकडा नुसता छापायचा नाही. तो मालसाठा आहे, अमुक कंपनीचा आहे, रुपयांत आहे आणि अमुक तारखेचा आहे, अशी चिठ्ठी त्याला डकवायची. या चिठ्ठ्यांची अधिकृत यादी म्हणजे टॅक्सॉनॉमी. भारतात रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांच्या भांडवल पर्याप्ततेच्या विवरणापासून सुरुवात केली. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१०-११ या वर्षापासून सूचीबद्ध कंपन्या, त्यांच्या भारतीय उपकंपन्या, आणि ५ कोटींचे भरणा झालेले भांडवल किंवा १०० कोटींची उलाढाल असलेल्या कंपन्या यांना हे सक्तीचे केले. बँका, विमा, वीज अशी काही क्षेत्रे तेव्हा वगळली होती. सरकीची उलाढाल धरून शंभर कोटींची रेषा ओलांडणारी जिनिंग कंपनीही या कक्षेत येते.

प्रत्यक्षात घडते ते असे. वर्षभर टॅलीत नोंदी होतात. टॅलीचे ठरलेले २८ गट आहेत, आणि गावोगावच्या अकाउंटंटना ते पाठ असतात. वर्षाअखेर ताळेबंद कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ प्रमाणे मांडला जातो, लेखापरीक्षण होते, सह्या होतात. त्यानंतर कोणी तरी बसून प्रत्येक ओळीला टॅग लावते, मंत्रालयाच्या तपासणी साधनातून फाइल पार करते आणि ती दाखल होते. साधन बेरीज जुळते का आणि सक्तीचे रकाने भरले आहेत का, हे तपासते. सरकी उपउत्पादन मानली की संयुक्त उत्पादन, आणि ज्या परिच्छेदाच्या आधारे मानली त्यातली अट पाळली गेली का, हे त्याला विचारताही येत नाही. टॅग हिशेब पूर्ण झाल्यावर डकवला जातो, आणि नियम त्याच्यापासून दूर, वेगळ्या फाइलमध्ये राहतो.

एक धागा मात्र आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. आंतरराष्ट्रीय लेखामानके काढणाऱ्या आयएफआरएस फाउंडेशनच्या टॅक्सॉनॉमीत प्रत्येक संकल्पनेपुढे मानकातला परिच्छेद नोंदलेला असतो. ‘मालसाठा’ या टॅगपुढे आंतरराष्ट्रीय मानक आयएएस १ चा परिच्छेद ५४(g) आणि आयएएस २ चा ३६(b) सापडतो. म्हणजे आकड्याकडून नियमाकडे जाण्याची पायवाट आखलेली आहे. पण हे क्रमांकही स्थिर नसतात. एप्रिल २०२४ मध्ये आयएफआरएस १८ प्रसिद्ध झाले, आणि १ जानेवारी २०२७ पासून ते आयएएस १ ची जागा घेणार आहे. मालसाठा तोच, आकडा तोच. मात्र आधाराचा परिच्छेद नवा. कायमची ओळख नसेल तर दर बदलाला हजारो दुवे हाताने पुन्हा शिवावे लागतात.

अमेरिकेने याबाबतीत आधी शहाणपण केले. अनेक दशकांत साठलेली हजारो पत्रके, निवेदने आणि खुलासे मोडून त्यांनी १ जुलै २००९ रोजी एकच विषयवार संहिता काढली. ३३० हा मालसाठ्याचा विषय. ३३०-१०-३५ म्हटले की मालसाठा, सर्वसाधारण भाग, पहिल्या नोंदीनंतरचे मोजमाप. कोणत्याही विषयात ३५ म्हणजे नंतरचे मोजमापच. क्रमांकावरूनच आपण कुठे उभे आहोत ते कळते. सातबारा आणि आठ-अ यांवर वाढलेल्या मराठी माणसाला हे सांगायला फार वेळ लागू नये: तलाठ्याच्या दप्तरात काय हवे ते तो नेहमीच क्रमांकाने मागत आला आहे.

आपल्याकडे बदल कसे पोहोचतात ते पाहिले की ही निकड अधिक जाणवते. इंड एएसमधल्या दुरुस्त्यांची अधिसूचना अनेकदा मार्चच्या उत्तरार्धात येते. २०२२ मध्ये ती २३ मार्चला आली, २०२३ मध्ये ३१ मार्चला. तिची भाषा ठरलेली: अमुक परिच्छेदातल्या तमुक शब्दांऐवजी पुढील शब्द घालावेत. मूळ मजकुराशेजारी दुरुस्ती ठेवून वाचणाऱ्याने स्वतःच ती जोडून घ्यायची. एखाद्या विशिष्ट दिवशी नियम नेमका काय होता, हे काढायला अधिसूचना एकामागून एक उलगडत बसावे लागते. चार वर्षांनी कर विभागाची नोटीस येते तेव्हा प्रश्न त्या दिवसाच्या नियमाचाच असतो.

शेतीच्या बाबतीत या बदलांचा वऱ्हाडाशी थेट संबंध आहे. आयएएस ४१ या शेतीवरच्या मानकात एक छोटा तक्ता आहे: कोणती जैविक मालमत्ता, तिचे काढणी झालेले उत्पादन कोणते आणि प्रक्रियेनंतरचा माल कोणता. त्यात कपाशीची झाडे, वेचलेला कापूस, आणि पुढे सूत व कपडे अशी ओळ आहे. पऱ्हाटी थेट आंतरराष्ट्रीय मानकात बसलेली आहे. संत्र्याची गोष्ट याहून गुंतलेली. वरुड-मोर्शीकडच्या संत्राबागेतले झाड वर्षानुवर्षे फळ देते. पूर्वी असे झाडही आयएएस ४१ खालीच मोजले जाई. २०१४ मधल्या दुरुस्तीने फळ देणारी झाडे तिथून उचलून यंत्रसामग्री-इमारतींच्या आयएएस १६ मध्ये नेली; फळ मात्र ४१ मध्येच राहिले. आंबिया बहार धरलेल्या बागेत ३१ मार्चला झाडावर बारीक फळ असते. म्हणजे एकाच फांदीवर दोन मानके. झाडाला घसारा आणि फळाला बाजारमूल्य. वैयक्तिक शेतकऱ्याला यातले काही लागू नाही. शेतकरी उत्पादक कंपन्याही आकाराने लहान, त्यामुळे त्या सहसा जुन्या लेखामानकांखाली येतात, आणि त्या मालिकेत शेतीसाठी वेगळे मानकच नाही. ‘हा नियम आम्हाला लागू आहे का’ हा उत्पादक कंपनीच्या संचालकाचा पहिला प्रश्न असतो. लागू असण्या-नसण्याच्या अटी यंत्रवाच्य असत्या, तर भांडवल, उलाढाल आणि नोंदणीचा प्रकार एवढे सांगून त्याला उत्तर मिळाले असते.

नियम लिहून काढून बाजाराला शिस्त लावण्याचे काम या प्रदेशाला परके नाही. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा आला. बाजार समितीची कल्पना देशभर गेली ती या कायद्याचा नमुना घेऊन.

आता कंपन्यांच्या पलीकडे पाहू, कारण अमरावती-अकोल्यातला बहुसंख्य माणूस हिशेबाला भेटतो तो गावच्या सेवा सहकारी सोसायटीत. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींचा प्रकल्प मंजूर केला. एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर, त्यात सामायिक लेखापद्धती, आणि जिल्हा व राज्य सहकारी बँकांमार्फत नाबार्डपर्यंत जोडणी, असे त्याचे स्वरूप. गटसचिवाच्या कापडी बांधणीच्या वह्या पडद्यावर येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचे स्वागतच व्हायला हवे.

पण सोसायटीच्या हिशेबाला स्वतःची भाषा आहे. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक ‘एन’ नमुन्यात, सहकारी संस्था नियमांप्रमाणे. आणि तिथे एक संकल्पना अशी आहे, जी कंपन्यांच्या टॅक्सॉनॉमीत कितीही शोधली तरी सापडणार नाही: अनिष्ट तफावत. सोसायटीने जिल्हा बँकेला द्यायचे कर्ज एका बाजूला, सभासदांकडून सोसायटीला येणे असलेले कर्ज दुसऱ्या बाजूला. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा झाला की तफावत अनिष्ट. सभासदाने भरलेली रक्कम व्याजात जिरली, मधल्या मधे अडकली किंवा वसुलीची नोंद दोन्हीकडे जुळली नाही, की ती साचत जाते आणि अखेर सगळ्या गावाच्या पीककर्जाची वाट अडते. ज्याने हप्ता वेळेवर भरला, त्याच्याही.

या संकल्पनेची व्याख्या दोन ओळींची आहे. बँक पातळीवरचे येणे, सभासद पातळीवरचे येणे, दोन्हींची एकच तारीख, आणि वजाबाकी. यंत्रवाच्य मानकासाठी याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण. व्याख्या एकदा अधिकृतपणे, ओळखक्रमांकासह प्रसिद्ध झाली, तर दर महिन्याच्या तेरजेवरून तफावत आपोआप दिसेल. ती कळायला वार्षिक लेखापरीक्षण आणि आमसभा यांची वाट पाहावी लागणार नाही. राष्ट्रीय सॉफ्टवेअरमध्ये नुसती खाती असून भागत नाही. गावाला खरोखर नडणाऱ्या संकल्पना त्यात नावासकट आल्या, तरच सामायिक लेखापद्धती गावाची होईल.

भाषेचा प्रश्नही इथे जवळजवळ सुटलेलाच आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. एक्सबीआरएलच्या रचनेत संकल्पना वेगळी आणि तिची लेबले वेगळी. एकाच संकल्पनेला हव्या तितक्या भाषांत लेबल जोडता येते. आकडा, सूत्र, नियमाचा दुवा, कशालाही धक्का लागत नाही. मुंबईतल्या विश्लेषकाने इंग्रजीत पाहिलेले पत्रक धामणगावच्या सभासदाला मराठीत दिसू शकते: भागभांडवल, राखीव निधी, ठेवी, घसारा, येणे कर्ज. शब्द आपल्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या आहेतच. ते अधिकृत लेबले म्हणून एकदा नोंदवायचे तेवढे राहिले आहेत. या मागणीसाठी ना नवे संशोधन लागते, ना मोठा खर्च.

महापालिकांची स्थिती मधलीच आहे. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखा संहितेने खात्यांना क्रमांक दिले: ११० कर महसूल, २१० आस्थापना खर्च, ४१० स्थिर मालमत्ता. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी हिशेब सार्वजनिक करण्याची अट घातली, आणि देशभरच्या नगरसंस्थांची पत्रके एका केंद्रीय पोर्टलवर येऊ लागली. सांकेतिक क्रमांक आहेत आणि प्रसिद्धीही आहे. तरी अमरावती आणि अकोला या दोन शहरांचा आस्थापना खर्च शेजारी ठेवून पाहायचा, तर त्या क्रमांकाखाली काय धरायचे याचा नियम दोन्हीकडे सारखाच लावला गेला का, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पत्रकात नसते. ते नियमाशी बांधलेले हवे.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. लेखामानके तत्त्वांवर उभी आहेत. नगण्य काय, वाजवी काय, शक्यता किती, हे माणसाने ठरवायचे असते, आणि हा विवेक यंत्राच्या चौकटीत कोंबला तर हिशेब निर्जीव होईल, असे अनेक अनुभवी सीए म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. कापसाचा भाव पडला म्हणून कापसाचा साठा लगेच कमी किमतीने दाखवायचा का? परिच्छेद २४ म्हणतो, त्यापासून होणारा पक्का माल खर्चाइतक्या किंवा जास्त भावाने विकला जाणार असेल, तर नाही. रुई पुढे कोणत्या भावाने विकली जाईल हा अंदाज आहे, आणि अंदाज सही करणाऱ्याचाच राहणार.

मात्र परिच्छेद नीट उलगडून लिहिला की दोन गोष्टी वेगळ्या होतात. कोणता भाग नियम आहे आणि कोणत्या जागी माणूस निर्णय घेतो, हे स्पष्ट दिसते. आज ती जागा गद्यात विरघळलेली आहे. जिनिंग कंपनीच्या टिपणीत साठ्याच्या मूल्यांकनाबद्दल ठराविक एक वाक्य येते, आणि सरकीचा निर्णय त्यात कुठेच दिसत नाही. निर्णयाची जागा चिन्हांकित असेल, तर कंपनीला तिथे उत्तर द्यावे लागेल: सरकी संयुक्त उत्पादन मानली, खर्च विक्रीमूल्याच्या प्रमाणात वाटला, भाव अमुक तारखेचे धरले. विवेक कायम राहतो, आणि तो कोणाचा होता तेही कळते. कर्ज देणाऱ्या बँकेला, भागधारकाला आणि कापूस उधारीवर घालणाऱ्या शेतकऱ्यालाही ते कळायला हवे.

याला अलीकडे आणखी एक कारण जोडले गेले आहे. लेख्यांचे प्रश्न लोक आता संगणकाच्या संवादी साधनांना विचारतात. जुने लेखामानक, इंड एएस आणि मूळ आंतरराष्ट्रीय मानक यांचे शब्द इतके मिळतेजुळते आहेत, की उत्तर एकाचे आणि परिच्छेद दुसऱ्याचा, असे सहज घडू शकते. लेखामानक २ मधला परिच्छेद १० हा इंड एएस २ मध्ये १४ आहे. २४ हा ३२. अधिकृत, ओळखक्रमांक असलेला मजकूर उपलब्ध असेल, तर उत्तराचा आधार एका क्षणात पडताळता येतो. तो नसेल तर अमरावती किंवा अकोल्यात आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने कशावर विश्वास ठेवायचा?

पुढच्या प्रकरणांत म्हणूनच सुरुवात लेखामानक २ पासून केली आहे. ते मोजक्या पानांचे आहे, आणि व्याख्या, अट, अपवाद आणि विवेकाच्या जागा हे सारे त्यात आहे. परिच्छेद ५, १० आणि २४ आधी साध्या मराठीत, मग अट-कृती अशा तुकड्यांत, आणि शेवटी संगणकाला देता येईल अशा स्वरूपात मांडले आहेत. त्यांच्यामागोमाग ‘एन’ नमुन्यातली शीर्षे आणि अनिष्ट तफावतीची व्याख्या येते. हे सगळे अधिकृत करण्याचा अधिकार दिल्लीत मंत्रालयाकडे, लेखामानके तयार करणाऱ्या सनदी लेखापाल संस्थेकडे आणि सहकाराच्या बाबतीत पुण्याच्या सहकार आयुक्तालयाकडे आहे. मसुदा मात्र कोणीही करून त्यांच्यापुढे ठेवू शकतो, आणि कापूस, संत्रे व सोसायटी यांचे हिशेब रोज हाताळणारी माणसे तो सगळ्यांत चांगला करतील.